पाला पडणार, पालेभाजी तरणार!

“भाभीजी, आज रात पाला पड़ेगा, क्यारी ढँक देना.”

बबीनाच्या छावणीत नव्याने राहायला आलेल्या मराठी गृहिणीला शेजारीण असे बजावते, तेव्हा तिला आधी हसूच येते. मराठीत पाला म्हणजे झाडाची पाने. पाला पडला तर अंगण झाडायचे, त्यात क्यारी, म्हणजे आपला वाफा, झाकायचा कशाला? उत्तर दुसऱ्या दिवशी पहाटे दारातच मिळते. गवतावर, कुंपणाच्या तारेवर, टोमॅटोच्या पानांवर कोणी पिठीसाखर भुरभुरावी तसा पांढरा थर दिसतो. ऊन वर येते तशी टोमॅटो आणि मिरचीची पाने उकडल्यासारखी काळी पडून लोंबू लागतात. उत्तरेतला ‘पाला’ म्हणजे गोठलेले दव, हे मग पुन्हा कोणी समजावून सांगावे लागत नाही.

पण त्याच अंगणातला दुसरा वाफा पाहण्यासारखा असतो. पहाटे मान टाकून पडलेली पालक, मेथी आणि मोहरीची पाने दहा वाजेपर्यंत पुन्हा ताठ उभी राहतात. एकाच रात्रीच्या थंडीत शेजारचे रोप मरते आणि हे रोप तरते, याचे कारण जिने समजून घेतले, तिचे स्वयंपाकघर जानेवारीभर हिरवे राहते. गंमत म्हणजे, जी खबरदारी वाफ्याला वाचवते, तिच्यातूनच घरातल्या माणसांना जपण्याची सवयही लागते.

बबीना हे झाशीच्या दक्षिणेला सुमारे पंचवीस किलोमीटरवर, ललितपूरच्या वाटेवर वसलेले लष्करी छावणीचे गाव. रणगाड्यांचे सराव आणि गोळीबाराची मैदाने ही त्याची ओळख. देशाच्या कानाकोपऱ्यातून बदल्या होऊन येथे कुटुंबे येतात. त्यांत कोकणातली, सातारा-कोल्हापूरकडची, विदर्भातली मराठी कुटुंबेही असतात. घरधनी सरावासाठी कित्येक दिवस बाहेर असला की क्वार्टरमध्ये गृहिणी, मुले आणि कधी गावाहून आलेले सासू-सासरे एवढीच माणसे उरतात. उन्हाळ्यात येथे पारा पंचेचाळीस अंशांच्या वर चढतो, म्हणून सगळे उन्हाळ्याचीच धास्ती घेऊन येतात. हिवाळा मात्र बेसावध गाठतो. जानेवारीत दुपारी छान ऊन पडते आणि कडाक्याच्या लाटेत तीच रात्र तीन-चार अंशांपर्यंत उतरते.

तसा हा मुलूख मराठी माणसाला परका नाही. अठराव्या शतकापासून झाशीवर मराठ्यांचा अंमल होता. पुढे नेवाळकर घराण्याने येथे सुभेदारी केली आणि १८४२ साली गंगाधररावांशी लग्न होऊन मणिकर्णिका झाशीची लक्ष्मीबाई झाली. तेव्हापासून झाशी, ग्वाल्हेर, सागर या भागांत राहिलेल्या मराठी घरांनी उत्तरेच्या थंडीशी कधीच जुळवून घेतले. नव्याने येणाऱ्याला ते पहिल्याच हिवाळ्यात शिकावे लागते, एवढाच फरक.

थंडीची लाट येते कशी?

हिवाळ्यात पश्चिमेकडून, इराण-अफगाणिस्तानावरून, ढगाळ हवेचे पट्टे उत्तर भारतावर येतात. हिमालयात बर्फ पडते आणि मैदानात हलका पाऊस होतो. या पावसाला उत्तरेत ‘महावट’ म्हणतात. गहू-हरभऱ्याला तो अमृतासारखा. पण ढग पुढे सरकले, आकाश निवळले आणि बर्फाळ डोंगरांवरून वायव्येचा वारा सुटला की पारा झपाट्याने घसरतो.

मैदानी भागात रात्रीचे तापमान चार अंशांवर किंवा त्याखाली गेले की हवामान खाते त्याला थंडीची लाट म्हणते आणि दोन अंशांवर किंवा त्याखाली गेले की तीव्र लाट. तापमान दहा अंशांपर्यंत उतरले आणि ते नेहमीच्या सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी किंवा त्याहून कमी असले, तरीही ती लाटच मानली जाते.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. हवामान खात्याचा तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, सावलीच्या पेटीत असतो. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडते आणि जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा अधिक गार होते. म्हणून बातम्यांत “किमान तापमान चार अंश” असे सांगितले, तरी वाफ्यातल्या पानावर शून्य अंश असू शकतो. ‘शून्याच्या खाली गेलेच नाही, मग पाने कशी करपली?’ या कोड्याचे उत्तर हे आहे. महाराष्ट्रातही निफाडचे द्राक्षबागाईतदार आणि महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाजवळचे लोक हा अनुभव घेतात. तेथे दवबिंदू गोठल्याची बातमी अधूनमधून येतच असते.

संध्याकाळचे आकाश वाचावे

पाला न सांगता येत नाही. आदल्या संध्याकाळी तो चार खुणा पाठवतो. पहिली, एक-दोन दिवसांपूर्वी पाऊस किंवा ढग येऊन गेलेले असतात. दुसरी, सूर्यास्तानंतर आकाश अगदी स्वच्छ असते आणि चांदण्या ठसठशीत दिसतात. तिसरी, दिवसभर बोचणारा वारा संध्याकाळी एकदम पडतो. चौथी, दिवेलागणीपासूनच गारवा भराभर वाढू लागतो. आकाशात ढग असले तर ते पांघरुणाचे काम करतात. वारा असला तर वरची थोडी ऊबदार हवा खाली मिसळते. स्वच्छ आकाश आणि निपचित हवा ही जोडी जमली की समजावे, आजची रात्र जड आहे.

पूर्वी रेडिओच्या बातम्यांवर भिस्त असे. आता हवामान खात्याचा इशारा मोबाईलवर मिळतो. तरीही चहाचा कप घेऊन पाच मिनिटे अंगणात उभे राहण्याची सवय सोडू नये. आपल्या अंगणात काय होणार, हे आपल्या अंगणातले आकाशच नेमके सांगते.

कोण तरते, कोण मान टाकते?

टोमॅटो, मिरची, वांगी, बटाटा, भोपळावर्गीय वेल, माठ, राजगिरा आणि अंबाडी ही मंडळी पाला न सोसणारी. पेशींतले पाणी गोठले की त्यांची पाने फाटून काळी पडतात आणि पुन्हा सावरत नाहीत.

याउलट पालक, मेथी, मोहरी, मुळा, सलगम, कोबी, चाकवत, कांद्याची आणि लसणाची पात, कोथिंबीर ही थंडीची लेकरे. रात्री हळूहळू गार होत गेल्या की ही रोपे आपल्यातल्या पिष्टाची साखर करू लागतात. साखरेचे पाणी साध्या पाण्यापेक्षा कमी तापमानाला गोठते, त्यामुळे पेशी वाचतात. बर्फ धरलाच तर तो बहुधा पेशींच्या बाहेरच्या फटींत धरतो. पान तेवढ्यापुरते मलूल होते आणि ऊन लागून बर्फ वितळला की पाणी शोषून पुन्हा ताठ होते. कडाक्याची थंडी पडून गेल्यावर पालक, मुळा आणि कोबी जास्त गोड लागतात, त्याचे रहस्यही या साखरेतच आहे.

पण ही ताकद एका रात्रीत येत नाही. कोवळ्या, नुकत्या उगवलेल्या रोपाला ती नसते. युरिया घालून भराभर वाढवलेल्या लुसलुशीत पानांनाही ती नसते. म्हणून पेरणी वेळेवर करावी आणि खताचा मोह आवरावा.

दोन पिके जरा वेगळी आहेत. वाटाणा आणि हरभरा यांची पाने थंडी सोसतात, पण फुले आणि कोवळ्या शेंगा पाल्याने गळतात. बुंदेलखंडात हरभऱ्याच्या कोवळ्या शेंड्यांची आंबूस भाजी घरोघरी आवडीने खातात. फुले येण्यापूर्वी शेंडे खुडले तर झाडाला फांद्याही जास्त फुटतात. अंगणात दोन हात जागेत हरभरा पेरला, तर भाजीही मिळते आणि उरलेल्या झाडांवर पुढे घाटेही धरतात.

वाफा कसा करावा?

बुंदेलखंडात चार प्रकारच्या जमिनी लोक नावाने ओळखतात. राकड आणि पडुआ या तांबूस व हलक्या, तर काबर आणि मार या काळ्या व भारी. झाशी-बबीनाच्या बाजूला तांबूस जमीन बरीच आढळते. तिच्यात पाणी टिकत नाही. दहा फूट लांब आणि चार फूट रुंद वाफ्यात चांगले कुजलेले शेणखत दोन-तीन पाट्या मिसळले की ती भाजीसाठी तयार होते.

जागा निवडताना घराच्या दक्षिणेकडची भिंत पाहावी. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे त्या भिंतीला दिवसभर ऊन मिळते आणि रात्री ती साठवलेली ऊब हळूहळू सोडते. अंगणातल्या सखल कोपऱ्यात मात्र वाफा करू नये. गार हवा जड असते. ती पाण्यासारखी उताराने वाहत येऊन तेथेच साचते.

पेरणीला ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंतचा काळ उत्तम. सगळे बी एकाच दिवशी पेरू नये. दहा-बारा दिवसांच्या अंतराने थोडे थोडे पेरले की भाजी सतत मिळत राहते. ओळींत वीतभर अंतर ठेवून बी बोटाच्या एका पेराहून खोल जाणार नाही असे पेरावे. पालकाचे बी रात्रभर भिजवावे. धने हलके रगडून त्यांच्या दोन फाका कराव्यात. थंडी वाढली की कोथिंबीर उगवायला दोन-तीन आठवडेही लावते, म्हणून ती आधी पेरावी.

मेथी महिन्याभरात खुडायला येते. पालकाची पहिली कापणी तीस-पस्तीस दिवसांनी होते आणि नंतर दर पंधरा-वीस दिवसांनी. कापताना बुडाशी दोन बोटे सोडून बाहेरची पाने घ्यावीत, मधला कोंब राखावा. लसणाच्या पाकळ्या कुंडीत किंवा जुन्या डब्यातही पात देतात. चाकवताची तर गंमतच आहे. येथे त्याला ‘बथुआ’ म्हणतात आणि गव्हाच्या शेतात ते तण म्हणून आपोआप उगवते. बाजारात ते स्वस्तात मिळते, पण रस्त्याकडेचे किंवा तणनाशक मारलेल्या शेतातले घेऊ नये.

झाशीत १९६२ साली स्थापन झालेली गवत व चारा संशोधन संस्था आणि २०१४ साली सुरू झालेले राणी लक्ष्मीबाई केंद्रीय कृषी विद्यापीठ अशी शेतीची दोन मोठी केंद्रे आहेत. या कोरडवाहू मुलखातली माती आणि पिके हा तेथील अभ्यासाचा विषय आहे.

पाल्याच्या रात्री काय करावे?

खुणा दिसल्या की अर्ध्या तासाचे काम असते, पण ते उजेड असेपर्यंत उरकावे.

दुपारी वाफ्याला हलके पाणी द्यावे. ओली माती कोरड्या मातीपेक्षा दिवसाची ऊब जास्त साठवते आणि रात्री सोडते. शिवाय पाणी गोठताना प्रत्येक ग्रॅममागे सुमारे ८० कॅलरी उष्णता बाहेर टाकते. चिखल मात्र करू नये.

सूर्य कलल्यावर वाफा झाकावा. जुनी चादर, गोणपाट, साडी, काहीही चालते. काठ्या रोवून किंवा बांबूच्या कामट्या कमानीसारख्या वाकवून त्यावर आच्छादन घालावे आणि कडा जमिनीपर्यंत आणून विटांनी दाबाव्यात. जमिनीतून वर येणारी ऊब आत कोंडायची, हा त्यातला हेतू. प्लास्टिक वापरले तर ते पानांना टेकू देऊ नये, टेकलेल्या जागी पान गोठते. सकाळी ऊन आले की आच्छादन काढावे, नाहीतर आत दमटपणा साचून बुरशी येते.

अनेकजणी मुळाशी सुक्या गवताचा जाड थर घालतात. उन्हाळ्यात तो उपयोगी, पण पाल्याच्या रात्री उलटा पडतो. मातीची ऊब त्याच्याखालीच अडकते आणि वरची पाने उघड्यावर गारठतात. अशा रात्री माती मोकळी ठेवून रोपच झाकावे. शेतकरी शेताच्या कडेला धूर करतात, पण क्वार्टरच्या दाटीत त्याचा वाफ्याला फायदा थोडा आणि मुलांच्या छातीला त्रास जास्त.

सर्वांत गार वेळ पहाटेची, सूर्योदयाच्या आसपासची. पानांवर बर्फ दिसला तर ती हाताळू नयेत. हातपंपाचे किंवा विहिरीचे पाणी त्या वेळी कोमट असते. ते ऊन पडण्यापूर्वी हलके शिंपडले की बर्फ हळू वितळतो. भाजी खुडायची ती पाने पूर्ण सावरल्यावर, दहा-अकरानंतर. मिरची-टोमॅटोची पाने काळी पडली तरी लगेच छाटू नयेत. ती काळी पानेच पुढच्या रात्री आतल्या जिवंत कोंबाचे पांघरूण होतात.

वाफ्याआधी घर

ज्या संध्याकाळी वाफा झाकायचा, त्याच संध्याकाळी घरातल्या माणसांकडेही पाहायचे. येथे चूक झाली तर ती रोपाएवढी स्वस्त पडत नाही.

थंडीच्या लाटेत सर्वांत मोठा धोका नुसत्या थंडीचा नसतो. बंद खोलीत ठेवलेल्या कोळशाच्या शेगडीचाही असतो. ‘कोळसे लाल झाले, धूर थांबला, आता शेगडी आत आणायला हरकत नाही,’ असे अनेक घरांत मानले जाते. हा समज जिवावर बेततो. धूर थांबला तरी निखारे कार्बन मोनॉक्साइड हा वायू सोडत राहतात. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोके दुखते, मळमळते, गरगरते, आणि झोपेत असलेल्या माणसाला तेवढेही कळत नाही. उत्तर भारतात दर हिवाळ्यात अशा दुर्घटनांच्या बातम्या येतात.

म्हणून नियम एकच. शेकोटी, शेगडी बाहेर अंगणात. आत झोपताना कोणताही विस्तव नाही, दार किलकिले ठेवूनही नाही. बंद न्हाणीघरातला गॅसचा गिझरही याच वायूमुळे घातक ठरतो. त्याला बाहेर मोकळी हवा लागते. एकाच खोलीतल्या अनेकांचे डोके एकदम दुखू लागले तर सर्वांना ताबडतोब मोकळ्या हवेत आणावे आणि दवाखाना गाठावा. विजेचा हीटर वापरला तर तो पांघरुणापासून आणि वाळत घातलेल्या कपड्यांपासून दूर ठेवावा आणि झोपण्यापूर्वी बंद करावा.

विस्तवाशिवाय ऊब कशी मिळवायची? एका जाड स्वेटरपेक्षा दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घालणे चांगले. त्यांच्यामधली हवा ऊब धरून ठेवते. मुलांचे कान, डोके आणि पाय झाकावेत. तान्ह्या बाळाला आईच्या अंगाशी घ्यावे. तिच्या त्वचेची ऊब कोणत्याही दुलईपेक्षा चांगली. गरम पाण्याची पिशवी कपड्यात गुंडाळून आधी अंथरुणात ठेवावी. दुपारी गाद्या-रजया उन्हात टाकाव्यात आणि ऊन उतरण्यापूर्वी खिडक्या लावून घ्याव्यात.

वयस्कर माणसांकडे विशेष लक्ष हवे. थंडीत रक्तदाब वाढतो आणि हृदयावर ताण पडतो. त्यामुळे पहाटेचे फिरणे ऊन पडल्यावर करावे आणि रक्तदाबाच्या गोळ्या चुकवू नयेत. तहान लागली नाही तरी कोमट पाणी पीत राहावे. थरथर थांबून माणूस सुस्त झाला, बोलणे अडखळू लागले, गोंधळल्यासारखा वागू लागला, तर ते झोप आल्याचे लक्षण समजू नये. शरीर धोकादायक गार झाल्याची ती खूण असते. ओले कपडे बदलून, कोरड्या पांघरुणात गुंडाळून लगेच डॉक्टरांकडे न्यावे. दारूने ऊब येते हाही भ्रमच. ती आतली उष्णता बाहेर घालवते.

ताटातली ऊब

कडाक्याच्या दिवसांत धुके दाटले की बाहेरगावच्या गाड्या उशिरा येतात. अशा वेळी अंगणातल्या चार जुड्यांची किंमत कळते. ताकातली चाकवताची पातळ भाजी, लसणाची पात घालून मेथी, मोहरीच्या पानांत थोडा पालक मिसळून घोटलेली भाजी आणि सोबत तीळ लावलेली गरम बाजरीची भाकरी. वर लिंबू पिळले की पालेभाजीतले लोह अंगी लागायला मदत होते. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीच्या भाजीत अंगणातला हरभरा, वाटाणा आणि मुळा पडला, तर बबीनाच्या क्वार्टरमध्येही गावाकडची चूल आठवते. बुंदेलखंडी शेजारणीला भाकरी द्यावी आणि तिच्याकडून ‘चने की भाजी’ शिकून घ्यावी. थंडी अशीच वाटून घेतली जाते.

फेब्रुवारी संपता संपता दिवस तापू लागतात. पालक आणि मोहरी फुलावर येते, पाने कडवट होतात. दोन-चार चांगली झाडे बियांसाठी राखून वाफा मोकळा करावा. बी वाळवून कोरड्या बरणीत ठेवले की पुढच्या ऑक्टोबरची सोय झाली.

तोवर कदाचित समोरच्या क्वार्टरमध्ये बदली होऊन आलेले नवे मराठी कुटुंब उतरलेले असते. डिसेंबरातल्या एका संध्याकाळी वारा पडतो, आकाश लखलखीत होते, आणि वर्षभरापूर्वी हसलेली तीच गृहिणी कुंपणापाशी जाऊन हाक मारते, “अहो वहिनी, आज पाला पडणार आहे. वाफा झाकून घ्या. आणि हो, शेगडी आत घेऊ नका!”